हॉटेलच्या सॅलडची पांढरी चटणी घरच्या घरी



आमच्या आरोग्य बैठकांत आया एक तक्रार नेहमी करतात. घरी काकडी-गाजर चिरून वाढले तर मुले ते ताटाच्या कडेला सारतात. पण तीच काकडी, तेच गाजर लग्नाच्या हॉलमध्ये पांढऱ्या दाट सॉसमध्ये कालवून मिळाले की दोनदा मागून घेतात. मोमोच्या गाडीवर तर मोमोआधी पांढरी चटणी संपते. मग कुणीतरी त्या सॉसची बाटली घरी आणते. ती फळीवर उघडी राहते आणि चपातीला, ब्रेडला, भजीला लावून संपते. काकडी-गाजर जिथल्या तिथेच राहते.

म्हणून या अंकात आम्ही एक साधा धडा घेतला आहे. हॉटेलच्या सॅलडला जी चव असते ती कशामुळे येते, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात, कच्चे अंडे न वापरता, थोड्या तेलात कशी आणायची. हा धडा एकदा वाचून सोडून देऊ नका. महिला मंडळात मोठ्याने वाचा, करून बघा आणि मग ठरवा.

ड्रेसिंग म्हणजे काय?

आपल्या वस्तीत ‘ड्रेसिंग’ म्हटले की जखमेची पट्टी आठवते. आम्हीही वर्षानुवर्षे दवाखान्यात तेच ड्रेसिंग केले. हॉटेलच्या कार्डावरचे सॅलड ड्रेसिंग मात्र वेगळे. कच्च्या किंवा उकडलेल्या भाज्यांवर ओतायचे, त्यांना चव आणि ओलावा देणारे पातळ-दाट मिश्रण म्हणजे ड्रेसिंग. आपली कोशिंबीर आठवा. तिच्यात दही असते, दाण्याचे कूट असते, वर फोडणी असते. ते दही, कूट आणि फोडणी हेच कोशिंबिरीचे ड्रेसिंग. नाव परके असले तरी काम आपल्या ओळखीचे आहे.

लग्नातल्या ‘रशियन सॅलड’मध्ये उकडलेला बटाटा, मटार, गाजर आणि कधी अननस असतो. त्यावरचा पांढरा सॉस म्हणजे मेयोनीज. मूळ मेयोनीज चार गोष्टींचे होते: अंड्याचा कच्चा पिवळा बलक, तेल, लिंबू किंवा व्हिनेगर, आणि मीठ. तेल आणि पाणी एरवी एकत्र राहत नाहीत. पण बलकात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो. तो तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतो, म्हणून मिश्रण दाट आणि पांढरट दिसते. त्यात टोमॅटो सॉस आणि बारीक चिरलेले लोणचे घातले की गुलाबी ‘थाउजंड आयलंड’ तयार होते. लसूण, चीज आणि खारवलेले मासे वापरून ‘सीझर’ ड्रेसिंग करतात.

सीझर सॅलड हे नाव ऐकून ते राजेरजवाड्यांच्या ताटातले वाटते. प्रत्यक्षात ते मेक्सिकोतील तिहुआना शहरात १९२० च्या दशकात सीझर कार्डिनी या इटलीहून आलेल्या उपाहारगृहवाल्याच्या नावावरून ओळखले जाऊ लागले. स्वयंपाकघरात हाताशी जे होते त्यातून ते झाले, असे सांगितले जाते. मग आपल्या हाताशी जे आहे त्यातून आपणही करू शकतो.

ते घरी का करायचे?

पहिले कारण कच्चे अंडे. कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते अंड्याच्या टरफलावर येतात, कधी अंड्याच्या आतही असतात. अंडे पूर्ण उकडले की ते मरतात. मेयोनीजमध्ये मात्र अंडे शिजतच नाही. दुपारी केलेले भांडे गाडीवर रात्रीपर्यंत उघडे राहिले, त्यात तोच चमचा शंभर वेळा बुडाला, वर उन्हाळा असला, तर जंतू झपाट्याने वाढतात. त्यांचा वास येत नाही आणि चवही बदलत नाही. खाल्ल्यानंतर बहुधा १२ ते ३६ तासांत ताप, पोटात कळा, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस चार-पाच दिवसांत सावरतो. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारे माणूस आणि मधुमेहाचा रुग्ण यांच्या जिवावर बेतू शकते.

या भीतीला आधार आहे. केरळ सरकारने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एकेका वर्षासाठी बंदी घातली. अन्नातून विषबाधा झाल्याच्या घटनांनंतरच ही पावले उचलली गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. अंडे वाईट असे आम्ही म्हणत नाही. गरिबाच्या घरात अंड्याइतके सोयीचे आणि उत्तम प्रथिन दुसरे नाही. अंड्याला अपवित्र ठरवणाऱ्यांच्या ओळीत आम्ही बसत नाही. अंडे खा, मुलांना रोज द्या, पण शिजवून द्या. आमची हरकत फक्त कच्च्या अंड्याला आहे.

दुसरे कारण तेल. अस्सल मेयोनीजमध्ये वजनाच्या तीन हिश्श्यांपैकी दोन हिस्से किंवा त्याहून जास्त तेलच असते. एका मोठ्या चमच्यात साधारण १० ग्रॅम तेल जाते. एका माणसाला दिवसभरात स्वयंपाकाचे तेल २० ते ३० ग्रॅम पुरे, म्हणजे चहाचे चार ते सहा चमचे. सँडविचवर दोन मोठे चमचे सॉस पडला की दिवसाचा बहुतेक वाटा तिथेच संपतो. दुकानातल्या ‘अंडेविरहित’ बाटलीत अंड्याऐवजी दुधाची भुकटी किंवा सोयाबीनचे प्रथिन आणि दाटपणासाठी स्टार्च व गोंद असतो. ती कच्च्या अंड्याच्या धोक्यातून सुटते, पण तेल, मीठ आणि साखर तिच्यातही असते. बाटली घेताना मागची यादी वाचा. सर्वात जास्त वजनाचा घटक यादीत पहिला लिहावा असा नियम आहे. पहिलाच शब्द ‘तेल’ असेल तर आपण पैसे कशाचे मोजतो ते कळेल. शिवाय उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची सूचना तिच्यावरच छापलेली असते. ज्या घरात फ्रिज नाही त्या घराने ती आणूच नये.

हॉटेलात जाऊ नका, असे नाही

हा लेख वाचून कुणी मुलांना “आपण गरीब, आपल्याला हॉटेल कशाला” असे म्हणू नये. खाण्यापिण्यावरून आपल्या माणसांना किती अपमान सोसावा लागला हे विसरायचे नाही. १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावची घटना नोंदवली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या भाऊबंदांना जेवण दिले आणि त्यात तूप वापरले. तेवढ्यावरून सवर्णांनी लाठ्या घेऊन पंगत उधळली. अस्पृश्याच्या पानात तूप पडणे हाच त्यांना अपराध वाटला. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातीच्या कारणावरून कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असा हक्क दिला. तेव्हा हॉटेलात ताठ मानेने बसा आणि आवडेल ते मागवा. पण समोर आलेले कशाचे केले आहे हे विचारा, आणि ते घरी करायचे ज्ञानही मिळवा. बाबासाहेबांनी शिका म्हटले त्यात स्वयंपाकघराचे शास्त्रही आले.

आधी चव ओळखा

कोणतेही आवडते ड्रेसिंग घरी करायचे तर पहिले काम चवीचा अभ्यास. पुढच्या वेळी हॉटेलात किंवा लग्नात सॅलड खाल तेव्हा एक चमचा नुसते ड्रेसिंग जिभेवर ठेवा आणि स्वतःला पाच प्रश्न विचारा.

१. आंबटपणा कशाचा आहे? लिंबाचा ताजा, व्हिनेगरचा नाकात जाणारा, की दह्याचा?

२. स्निग्धपणा कशाचा आहे? तेल, साय, चीज, की दाणे-तीळ?

३. झणका कशाचा आहे? मोहरी, लसूण, मिरी की हिरवी मिरची?

४. गोड किती आहे? बहुतेक हॉटेलांच्या ड्रेसिंगमध्ये वाटते त्यापेक्षा जास्त साखर असते.

५. दाट किती आहे? चमच्यावरून धार लागते की गोळा राहतो?

ही पाच उत्तरे घरी येऊन वहीत लिहून ठेवा. आंबट, स्निग्ध, झणझणीत, गोड, खारट हे पाच धागे सापडले की नावाची भीती उरत नाही. मग आपल्या घरातल्या वस्तू त्या-त्या जागी बसवायच्या. व्हिनेगरच्या जागी लिंबू चालते. महाग तेलाच्या जागी शेंगदाण्याचे तेल, आणि बलकाच्या जागी चक्का व फेसलेली मोहरी. मोहरीतही तेलाचे थेंब धरून ठेवण्याचा गुण असतो. आपल्या आज्या लोणच्यासाठी मोहरी फेसत, तेव्हा त्या हेच करत होत्या.

कृती पहिली: चक्क्याचे पांढरे ड्रेसिंग

पाच माणसांना पुरेल असे प्रमाण देतो. चमचा म्हणजे चहाचा चमचा.

साहित्य: अर्धा लिटर दुधाचे दही, शेंगदाण्याचे तेल २ चमचे, मोहरीची पूड पाव चमचा, लसणाची एक पाकळी, लिंबाचा रस १ ते २ चमचे, मिरपूड पाव चमचा, साखर अर्धा चमचा, मीठ पाव चमचा.

रात्री दूध उकळून, कोमट झाल्यावर विरजण लावा. सकाळी दही धुवून कडक उन्हात वाळवलेल्या सुती फडक्यात बांधून टांगा. हिवाळ्यात तीन-चार तास टांगले तरी चालते. उन्हाळ्यात दोन तास पुरे, नाही तर ते फार आंबते. साधारण एक मोठी वाटी चक्का निघेल. खाली निथळलेले पाणी फेकू नका. त्यात चपातीचे पीठ मळा किंवा ते आमटीत घाला.

मोहरीच्या पुडीत चिमूटभर मीठ आणि उकळून गार केलेले एक चमचा पाणी घालून चांगले फेसा. नाकात झणका गेला की झाले. लिंबू आताच घालू नका. आंबट आधी पडले तर मोहरीचा झणका उठत नाही.

आता या मोहरीत चक्का, ठेचलेला लसूण, मिरपूड, साखर आणि उरलेले मीठ घाला. एका हाताने रवी फिरवत राहा, दुसऱ्या हाताने तेल थेंब-थेंब सोडा. एकदम ओतले तर तेल वर तरंगेल. सगळे तेल मुरले की मिश्रण गुळगुळीत आणि चकचकीत दिसते. शेवटी लिंबाचा रस घाला आणि चाखून बघा. घट्ट वाटले तर एक-दोन चमचे उकळून गार केलेले पाणी घाला.

यात वरून घातलेले तेल जेमतेम ९ ग्रॅम आहे आणि ते पाच जणांत वाटले जाते. दह्यातली साय धरली तरी एका माणसाच्या वाट्याला मेयोनीजच्या एका मोठ्या चमच्यापेक्षा कमीच स्निग्ध येते, आणि सोबत दुधाचे प्रथिन मिळते.

गुलाबी ड्रेसिंग हवे असेल तर एक टोमॅटो गॅसवर भाजून, साल काढून कुस्करा. बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर लाल तिखट घाला आणि हे सगळे वरच्या मिश्रणात कालवा. रंगासाठी वेगळे काही लागत नाही.

कृती दुसरी: दाण्याचे ड्रेसिंग

ज्या घरात दूध रोज येत नाही, किंवा कुणाला दूध पचत नाही, त्यांच्यासाठी.

अर्धी वाटी शेंगदाणे निवडून घ्या. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे टाकून द्या. बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते. ते यकृताला घातक असते आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. चांगले दाणे दहा-पंधरा मिनिटे उकडा, चोळून साल काढा. मिक्सरवर किंवा पाट्यावर उकळून गार केलेले पाणी थोडे-थोडे घालत अगदी मऊ वाटा. त्यात लसूण, अर्धी हिरवी मिरची, दोन चमचे लिंबाचा रस, पाव चमचा मीठ आणि सुपारीएवढा गूळ घाला. उकडलेल्या दाण्यांमुळे रंग पांढरट राहतो आणि सायीसारखी चव येते. वेगळे तेल घालू नका. दाण्यात ते पुरेसे आहे. ज्यांना शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्यांनी अर्थातच हे खाऊ नये.

कृती तिसरी: उकडलेल्या अंड्याचे ड्रेसिंग

ज्यांना अंड्याचीच चव हवी त्यांनी दोन अंडी पाणी उकळू लागल्यापासून दहा मिनिटे उकडावीत. बलक वेगळा काढून काट्याने कुस्करा. त्यात फेसलेली मोहरी, एक चमचा तेल, दोन चमचे दही, लिंबू, मीठ आणि मिरपूड घालून घोटा. पांढरा भाग बारीक चिरून सॅलडमध्ये टाका. शाळेत जाणाऱ्या मुलांना ही कृती सर्वात जास्त आवडते, असा आमचा अनुभव आहे.

कोणत्या भाजीवर काय?

ड्रेसिंग नुसते चवीसाठी नाही. गाजर, टोमॅटो आणि हिरव्या पाल्यात कॅरोटीन असते, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषले जात नाही. कोरडे गाजर खाण्यापेक्षा त्यावर चमचाभर तेलाचे किंवा दाण्याचे ड्रेसिंग घातले तर शरीराला जास्त मिळते. चमचाभर पुरे. वाटीभर तेलाने दुप्पट फायदा होत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) प्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे बैठकीला बसलेल्या दोन बायांपैकी एक. मटकी, हरभरा आणि पालेभाज्या यांतले लोह शरीर सहज घेत नाही. त्यासोबत क जीवनसत्त्व, म्हणजे लिंबू, आवळा, पेरू किंवा टोमॅटो असेल तर ते जास्त शोषले जाते. दह्यातले कॅल्शियम मात्र त्याच जेवणातल्या लोहाचे शोषण थोडे कमी करते. जेवल्याबरोबर प्यायलेला चहा तर आणखी जास्त कमी करतो. म्हणून असा नियम ठेवा:

मटकी-हरभऱ्याच्या सॅलडवर दाण्याचे आणि लिंबाचे ड्रेसिंग. काकडी, गाजर, बटाटा, कोबी यांवर दह्याचे पांढरे ड्रेसिंग. जेवणानंतर निदान एक तास चहा नाही.

वयात आलेल्या मुली आणि गरोदर बहिणी यांनी हा नियम घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या सॅलड खाते म्हणून बंद करू नका.

ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी मीठ निम्मे करावे, लिंबू आणि लसूण वाढवावा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमच्यापेक्षा थोडे कमी. त्यात भाजी, आमटी, लोणचे, पापड सगळे आले. मधुमेहाच्या रुग्णांनी साखर-गूळ गाळावा आणि बटाट्याऐवजी काकडी, टोमॅटो, कोबी घ्यावा.

भाजी धुतल्याशिवाय सगळे फुकट

कच्चे अंडे टाळले आणि भाजी गढूळ पाण्यात धुतली तर जुलाब चुकणार नाहीत. आपल्या वस्त्यांत नळाचे पाणी तासभर येते, पाइप गटाराजवळून जातो, पाणी पिंपात साठवावे लागते. म्हणून:

आधी हात साबणाने धुवा. भाजी भरपूर पाण्यात चोळून धुवा, माती जाऊ द्या. शेवटचे धुणे उकळून गार केलेल्या किंवा क्लोरीनची गोळी टाकलेल्या पाण्यात करा. गोळीचे प्रमाण पाकिटावर लिहिलेले असते. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात गोळ्यांची चौकशी करा. नुसत्या मिठाच्या पाण्याने जंतू मरतात हा गैरसमज आहे.

काकडी-गाजराची साल काढा. कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाका, आतली पाने सुटी करून धुवा. कोबीच्या पानांत कृमींची अंडी राहू शकतात, म्हणून चिरलेला कोबी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढावा. त्याचा कुरकुरीतपणा जात नाही. मोड आलेली मटकी पाच मिनिटे वाफवून घ्या, कारण मोड येण्याच्या दमट उबेत जंतूही वाढतात. पावसाळ्यात कच्चा पाला टाळा. मांस-मासे कापलेल्या पाटावर, त्याच सुरीने सॅलड चिरू नका.

स्वच्छ पाणी ही नगरसेवकाची मेहेरबानी नाही. १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांनी पाण्याचा हक्क बजावला, तो गढूळ पाणी पिण्यासाठी नव्हे. नळाला घाण पाणी येत असेल तर शेजारच्या दहा घरांच्या सह्या घेऊन पालिकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.

किती वेळ टिकते?

फ्रिज नसेल तर एका जेवणापुरतेच करा. भाजीवर घातल्यावर दोन तासांत संपवा. कडक उन्हाळ्यात तासाभरात. फ्रिज असेल तर ड्रेसिंग झाकण लावून दोन दिवस चालते, पण भाजीत कालवलेले ठेवू नका. डब्यात द्यायचे तर ड्रेसिंग छोट्या डबीत वेगळे द्या, आणि उन्हाळ्यात दह्याऐवजी नुसते लिंबू-मीठ-मिरपूड द्या. लग्न, नामकरण, बुद्धपौर्णिमेचे भोजन अशा मोठ्या पंगतीत पांढरे सॅलड ठेवायचे असेल तर स्वयंपाक्याला आधीच सांगा: कच्चे अंडे नको, दह्याचे करा, आणि पंगत बसताना कालवा. सकाळी कालवून ठेवलेले सॅलड दुपारच्या तिसऱ्या पंगतीला वाढू नका.

तरीही जुलाब झाले तर

एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे-थोडे पाजत राहा. ओआरएसचे पाकीट मिळाले तर ते अधिक चांगले. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. लहान मुलांना जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, त्या आरोग्य केंद्रातून घ्या. जुलाब थांबवण्याच्या गोळ्या दुकानदाराला विचारून मुलांना देऊ नका. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, मूल मलूल पडणे, पाणीही पोटात न ठरणे, यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठा. गरोदर बाई, म्हातारी माणसे आणि मधुमेही यांनी पहिल्याच दिवशी दाखवावे.

गाडीवाला आपलाच भाऊ

मोमो, सँडविच, फ्रँकीच्या गाड्या चालवणारी मुले बहुतेक आपल्याच वस्तीतली आहेत. त्यांचा धंदा बुडावा असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना विचारा, “दादा, चटणीत कच्चे अंडे आहे का? कधी केली?” दाण्याची कृती त्यांना शिकवा. तिला दूध लागत नाही आणि अंडीही लागत नाहीत. भांडे झाकायला सांगा, थोडी-थोडी करून दुपारची रात्री न वापरायला सांगा. पाच गिऱ्हाइकांनी विचारले की गाडीवाला ऐकतो. समजावूनही कुणी ऐकत नसेल आणि लोक आजारी पडत असतील, तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते.

विहारात करून बघा

येत्या रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाने हे प्रात्यक्षिक ठेवावे. एकीने चक्का आणावा, एकीने दाणे, एकीने उकडलेली अंडी. तिन्ही वाट्या मुलांपुढे ठेवा, सोबत काकडी-गाजर ठेवा. कोणती वाटी आधी संपते ते मुलेच ठरवतील. तथागतांनी कालामांना सांगितले होते की कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आमच्या लेखालाही तोच नियम लावा.

चर्चेसाठी प्रश्न:

१. मेयोनीजमध्ये तेल आणि पाणी एकत्र कशामुळे राहते? आपल्या कृतीत ते काम कोण करते?

२. मटकीच्या सॅलडवर दह्याऐवजी लिंबाचे ड्रेसिंग का?

३. आपल्या घरी भाजीचे शेवटचे धुणे कोणत्या पाण्यात होते?

४. वस्तीत किती घरांत पांढऱ्या सॉसची बाटली फ्रिजबाहेर आहे? मोजा आणि मंडळाच्या वहीत नोंद करा.

५. पुढच्या लग्नाच्या जेवणात सॅलडबद्दल स्वयंपाक्याशी कोण बोलणार? तिचे नाव आजच लिहा.

जय भीम. नमो बुद्धाय.